उतरणाऱ्याची बाजू

पाऊस उघडला की वरच्या धबधब्याकडे परकी माणसं यायला लागत आणि गावाचा करमणुकीचा हंगाम सुरू होई. धबधबा बघायला गावातलं कोणी कधी गेलं नाही. गाव त्या माणसांनाच बघे. कोणी गाडी चरात घालून बसे, कोणी अर्ध्या चढावर इंजिन बंद पाडून बायकोवर ओरडे. मग दोघा भावांतला धाकटा ट्रॅक्टर घेऊन जाई, साखळी लावून गाडी बाहेर काढी आणि गाडीवाल्यानं खिशात हात घातला की दुसरीकडे बघे. दुसरीकडे बघण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. ट्रॅक्टरला त्यानं एका भंगारातल्या ट्रकचा हॉर्न बसवून घेतला होता. तो वाजला की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहत.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर तो नकला करी.

"मला म्हणे, रस्ता रुंद आहे असं ऐकून आलो. म्हटलं, रुंद आहेच साहेब. फक्त सगळीकडे नाही."

गावाखाली एक वळण होतं. त्याला सगळे 'कलतं' म्हणत. वळणावर रस्ता डोंगराच्या बाजूला कलता असावा, तो इथे दरीच्या बाजूला कलला होता. मुळात उलटा बांधला की खालची मोरी खचून तसा झाला, यावर दोन पिढ्या भांडून दमल्या होत्या. उतरताना डाव्या हाताला दरी. नियमानं डावी बाजू उतरणाऱ्याची, पण तिकडची कड खालून पोकळ होती आणि भरलेली गाडी वळणावर आली की हौद्यातला माल आपोआप दरीकडे सरके. म्हणून गावानं आपली रीत पाडली होती. उतरणारा भरलेला असतो, चढणारा रिकामा. तेव्हा उतरणाऱ्यानं उजवीकडून, डोंगराला खेटून उतरायचं. वळणाच्या अलीकडे दोन लांब हॉर्न द्यायचे. खालून कोणी येत असेल तर त्यानं सपाट खडकापाशी थांबायचं आणि उलट हॉर्न द्यायचा. म्हणजे, थांबलोय, ये. उत्तर आलं नाही तर जीव मुठीत धरून उतरायचं, कारण परक्यांना हॉर्नचं सुचत नाही. उत्तर आलं की निर्धास्त.

त्या सकाळी उत्तर आलं.

थोरला दुधाचा टेम्पो घेऊन उतरत होता. त्याची बायको वळणाच्या वरच्या बांधावर गवत कापत होती. अख्खा गाव तिला वहिनी म्हणे, तिच्याहून मोठे पुरुषसुद्धा. नवऱ्याचा हॉर्न तिनं ओळखला. दोन लांब. खालून एक आखूड हॉर्न आला. तिनं पुन्हा विळा चालवायला घेतला. मग जो आवाज झाला, तो तिला आधी आभाळातला वाटला.

ती खाली पोचली तेव्हा एक पांढरी गाडी डोंगराच्या अंगाला चेपून उभी होती आणि टेम्पोचं तोंड तिच्या तोंडात घुसलेलं होतं. दुधाचे कॅन फुटून, आडवे होऊन रस्ताभर घरंगळत होते. डोंगराच्या पायथ्यापासून निघालेलं दूध रस्ता ओलांडून दरीत गळत होतं. थोरला टेम्पोच्या पायरीवरून कसाबसा उतरला, उजवा हात डाव्या हातानं उचलून धरत खाली बसला. हात कोपराच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता.

गाडीतला माणूस बाहेर पडला होता. कपाळातून रक्त येत होतं आणि ते तो पुनःपुन्हा चष्म्यावरून पुसत होता. चष्म्याला काच नव्हती. त्याची बायको आत, डोंगराकडच्या बाजूला होती. तिकडचं दार दगडाला भिडलेलं.

"मी माझ्या बाजूलाच होतो," तो वहिनीला म्हणाला. "बघा ना तुम्ही. माझ्याच बाजूला होतो ना मी?"

"पाणी प्या आधी," वहिनी म्हणाली.

"हॉर्न ऐकला, मीसुद्धा दिला. समोरच्याला कळावं म्हणून दिला. दिला ना?"

"प्या."

धाकटा ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावून त्यानं गाडी डोंगरापासून ओढली, तेव्हा कुठे बाईला बाहेर काढता आलं. वहिनीनं गवताचा भारा सोडून तिच्या डोक्याखाली दिला. बाईच्या पायात एकच चप्पल होती. ओठ हलत होते, पण त्यातून शब्द येत नव्हता. वहिनी तिच्या कपाळावर हात ठेवून बसली. घामानं थंड झालेलं कपाळ होतं.

गाडी ओढली ती गरजेनं. त्यात खोट काढायला जागा नाही. धाकट्यानं साखळी सोडली, घाम पुसला आणि मग तो थोरल्यापाशी येऊन उकिडवा बसला.

"दादा, टेम्पो कुठे होता?"

"दिसत नाही तुला?"

"मला दिसतंय. येणाऱ्यांना काय दिसायला पाहिजे ते विचारतोय."

थोरल्यानं मोडका हात पोटाशी घेतला. हात दुखत होता, हे त्याला सोयीचं झालं. धाकट्यानं साखळी टेम्पोला लावली. "अँब्युलन्सला वाट नको का?" असं तो मोठ्यानं म्हणाला, कोणी विचारलं नव्हतं तरी. टेम्पो ओढून त्यानं दरीकडच्या बाजूला उभा केला. मग फावडं घेतलं आणि डोंगराच्या पायथ्याशी, जिथे दूध पहिल्यांदा सांडलं होतं तिथे माती लोटली.

वहिनी बाईचं डोकं धरून हे बघत होती. तो परका माणूसही त्याच दिशेनं बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

दुपारी निरोप आला की बाई वाटेतच गेली.

चौकशीला आलेला साहेब कमी बोलणारा निघाला. गावाला बोलणारे साहेब आवडत, त्यांना दोन चहांत गुंडाळता येई. ह्यानं चहा घेतला नाही. बरोबर एक कारकून होता, त्याच्या हातात छत्री. साहेबानं वळणावर फीत धरून मापं घेतली. मग डोंगराच्या पायथ्याशी वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि हुंगलं.

"इथं दूध सांडलंय."

"कॅन घरंगळतात साहेब," धाकटा म्हणाला.

"उतार दरीकडे आहे. दूध डोंगराकडे चढलं कसं?"

"आमच्याकडचं दूध पातळ आहे," दुकानदार मागून म्हणाला. "कुठेही जातं."

दोघंचौघं हसले. साहेब हसला नाही. तो थोरल्याकडे वळला. थोरला प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून उभा होता.

"तुम्ही दोन लांब हॉर्न दिलेत, असं ते गाडीवाले म्हणतात."

"वळण आहे. देतो आम्ही."

"दोनच का?"

"सवय."

"तुमची गाडी डावीकडे होती?"

"डावीकडेच."

"मग ते स्वतःची बाजू सोडून तुमच्या अंगावर आले."

"परकी माणसं, साहेब," दुकानदारानं थोरल्याच्या आधी उत्तर दिलं. "रस्ता ठाऊक नसतो. घाबरतात आणि मधे येतात."

साहेबानं मान हलवली. गावाला वाटलं, पटलं. पण साहेब म्हणाला, "असेल. हा माझा माणूस आठवडाभर इथं बसेल. इथली माणसं कुठल्या बाजूनं उतरतात, तेवढं तो लिहून घेईल."

कारकुनानं छत्री उघडली आणि सपाट खडकावर बसून घेतलं.

त्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर नकला झाल्या नाहीत.

"आठवडाभर सगळ्यांनी डावीकडून," दुकानदार म्हणाला. "हॉर्न द्यायचा नाही. साहेबाचा माणूस गेला की आपण आहोत आणि आपला डोंगर आहे."

पाण्याचा टँकर चालवणारा एक ढेरपोट्या गडी होता. त्याला घागर म्हणत. तो म्हणाला, "मी भरलेला टँकर डावीकडून नेणार नाही. पाऊस होऊन गेलाय. कड उंदरानं पोखरल्यासारखी झालीय."

"मग रिकामा ने."

"रिकामा नेऊन खालच्यांना काय, वारा पाजू?"

"घागरी, तुझ्या आईला छातीत कळ आली होती, तेव्हा कुणाच्या टेम्पोतून नेली होती?"

घागर पुन्हा पायरीवर टेकला. दुकानदाराच्या दुकानात उधारी फार नव्हती, पण कोणी कोणासाठी कधी धावलं याची सगळी नोंद त्याच्या डोक्यात होती आणि ती तो बरोबर वेळेला उघडी. थोरल्याच्या टेम्पोतून कोण गेलं नव्हतं? कोणाची बाळंतीण, कोणाचा म्हातारा, कोणाचं आजारी वासरू. त्या पायरीवर बसलेला एकही माणूस असा नव्हता की ज्याला मान वर करून नाही म्हणता आलं असतं.

"आणि दादाला आत टाकलं," दुकानदार म्हणाला, "तर उद्यापासून दूध डोक्यावर न्यायचंय का तुम्हाला?"

थोरला कोपऱ्यात बसून होता. इतक्या लोकांनी आपल्यासाठी एवढं करावं, याचं त्याला ओझं झालं होतं. पण नको म्हणण्याइतकं ते जड नव्हतं.

पुढचे दिवस गाव नियमानं उतरलं, आणि नियमानं उतरणारं गाव बघण्यासारखं होतं. नव्या सुनेनं सासरच्या अंगणात पाय टाकावा तशी एकेक गाडी वळणावर येई. मागे बसलेली माणसं वळणाच्या वर उतरत, पायी चालत खाली जात आणि पुन्हा चढून बसत.

"तुम्ही सगळे इथंच का उतरता?" कारकुनानं विचारलं.

"पाय मोकळे करतो," एक म्हातारा म्हणाला.

"सगळ्यांचे पाय इथंच आखडतात?"

"हवा आहे इथली."

कारकुनानं तेही लिहिलं. माणूस वाईट नव्हता. तिसऱ्या दिवसापासून धाकटा त्याला जाताना सलाम ठोके, आणि तो छत्री वर करून उत्तर देई.

घरात थोरल्याला स्वतःच्या पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती. वहिनी बांधून देई. तेव्हा तो छताकडे बघे. ती त्याला अंघोळ घाली, प्लास्टरला पाणी लागू नये म्हणून हात उंच धरायला लावी, आणि तो पाटावर हात वर करून बसे, शिक्षा केल्यासारखा.

"तो विचारत होता मला," एकदा पाठ चोळताना ती म्हणाली.

"कोण?"

"त्या बाईचा नवरा. मी माझ्या बाजूलाच होतो ना, म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"पाणी प्या म्हटलं."

पाणी पाठीवरून खाली गेलं.

"त्यानं हॉर्न दिला होता," तो म्हणाला. "मी ऐकला. हॉर्न दिला म्हणजे थांबायला नको माणसानं?"

"त्याला कोणी सांगितलं होतं थांबायचं?"

"अगं, आपल्याकडे..."

"आपल्याकडे," वहिनी म्हणाली आणि तांब्या बादलीत बुडवला. "हात वर धर."

दूध मात्र थांबत नव्हतं. धाकट्यानं एक जुना टेम्पो मागून आणला होता. त्याचा हौदा उंच होता, म्हणून त्यात कॅन चढवायला वहिनी बरोबर जाई. शेवटच्या दिवशी पहाटे पुन्हा पाऊस पडून गेला होता. रस्ता काळा झाला होता आणि कडेची माती पायाखाली दबत होती.

थोरला दारात आला. "आज राहू दे," तो म्हणाला. "नाहीतर डोंगराकडनं घे. काय व्हायचं ते होईल."

"आज शेवटचा दिवस आहे दादा. इतके दिवस शहाण्यासारखे वागलो, एका दिवसासाठी अडाणी कशाला होऊ?" धाकट्यानं इंजिन चालू केलं. "संध्याकाळी त्याची छत्री मागून घेणार आहे मी. आठवण म्हणून."

थोरला आणखी काही म्हणाला असता. म्हणाला नाही. शेवटचाच दिवस होता, हे त्यालाही कळत होतं.

वळणाच्या वर धाकट्यानं गाडी थांबवली.

"वहिनी, उतर तू. मागनं चालत ये."

"तू पण हळू घे. मी पुढे जाऊन कड बघू का?"

"तू बघितलीस म्हणजे कड काय लाजून आत सरकणार आहे?"

ती उतरली. टेम्पो डावीकडून वळणात शिरला. खाली खडकावर कारकून उभा राहिला. धाकट्यानं खिडकीतून हात काढून सलाम केला. कारकुनानं छत्री वर केली. हौद्यातले कॅन एकमेकांवर आपटून दरीकडे सरकले, तसा टेम्पो जरासा झुकला. मग मागच्या चाकाखालची कड गेली. फार आवाज झाला नाही. भाकरीची कड मोडावी तेवढाच. टेम्पो क्षणभर तसाच तिरपा उभा राहिला, जणू विचार करत होता, आणि मग दिसेनासा झाला. त्यानंतर बराच वेळ फक्त कॅन वाजत राहिले, एकेक करून, खाली खाली.

वहिनी रस्त्यावर बसली. कारकून धावत वर आला, कडेपर्यंत गेला, मागे सरला आणि छत्री हातात तशीच धरून उभा राहिला.

धाकट्याला काढायला सगळं गाव उतरलं. दरीतून थेट वर येता येत नव्हतं, म्हणून शेताच्या वाटेनं, फळीला बांधून, त्याला वळणाच्या वरच्या अंगाला आणलं. अंगावर दूध आणि चिखल होता. तोंडाला काही झालं नव्हतं. थोरल्याला एका हातानं कशालाच हात लावता येत नव्हता. तो सगळ्यांच्या पुढेमागे चालत होता आणि लोकांच्या पायात येत होता. शेवटी कोणीतरी त्याला म्हणालं, "दादा, तुम्ही बाजूला थांबा."

साहेब आला. त्यानं कड बघितली, कारकुनाचं लिहिलेलं वाचलं. मग थोरल्यापाशी येऊन उभा राहिला. बोलायची त्याची इच्छा नव्हती, हे दिसत होतं.

"तुमच्या भावाला हा रस्ता ठाऊक होता ना?"

"इथंच वाढला तो."

"परका असता तर मला समजलं असतं. इतक्या कडेला तो का गेला?"

थोरला तुटलेल्या कडेकडे बघत राहिला.

"गाडी त्याच्या बाजूलाच होती, माझ्या माणसानं पाहिलंय. पण मधे जागा होती आणि समोरून कोणी नव्हतं. कड कच्ची आहे हे तुम्हा लोकांना ठाऊक असणार." साहेब थांबला. "मला चूक त्याचीच लिहावी लागेल. वाहन निष्काळजीपणे कडेला नेलं, असं."

दुकानदार पुढे आला. त्यानं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही निघालं नाही.

उत्तरीय तपासणीसाठी धाकट्याला खाली, दवाखान्यात न्यायचं होतं. त्याच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्याला ठेवलं, वर ताडपत्री घातली. वहिनी आत त्याच्याशेजारी बसली. ट्रॅक्टरवर घागर बसला. त्याच्या बाजूला, चाकावरच्या पत्र्यावर, थोरल्याला बसवलं. खाली वळण होतं आणि वळणाला नवीन खिंडार पडलं होतं. घागरनं गिअर टाकला, पुन्हा काढला. साहेब हाकेच्या अंतरावर उभा होता. सगळं गाव उभं होतं.

"दादा," घागर हलक्या आवाजात म्हणाला, "कुठल्या बाजूनं घेऊ?"

थोरल्यानं मागे बघितलं. वहिनी त्याच्याकडेच बघत होती. ती काही सुचवत नव्हती. नुसती बघत होती, पाठ चोळताना बघत असेल तशी.

"डोंगराकडनं," थोरला म्हणाला.

"साहेब आहेत."

"डोंगराकडनं घे. रोजच्यासारखं."

मग त्यानं डावा हात लांब करून स्वतःच हॉर्न दाबला. धाकट्याचा तो ट्रकचा हॉर्न दरीभर घुमला. एक लांब. मग दुसरा. गोठ्यांतून जनावरं ओरडली. खालून काही आलं नाही. गावानंच ठरवलं होतं, हॉर्न द्यायचा नाही. थोरला थांबून राहिला. पुन्हा दोनदा दाबला. मग बऱ्याच वेळानं खालच्या खडकाकडून, कोणाच्या तरी गाडीचा, बिचकत बिचकत हॉर्न आला.

साहेबानं खाली बघितलं. मग डोंगराच्या पायथ्याकडे, जिथे दगडाला पांढरा रंग खरवडून लागला होता.

"थांबलाय का तो खाली?" त्यानं विचारलं.

"थांबलाय. हॉर्न दिला म्हणजे थांबलाय."

"हे नेहमीचं?"

"नेहमीचं."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा," थोरला म्हणाला. "त्याचा हॉर्न आला, मला वाटलं थांबलाय. मी डोंगराकडे होतो. तो त्याच्या बाजूलाच होता."

मागे माणसांत थोडी हालचाल झाली आणि थांबली. साहेबानं कारकुनाकडे हात केला, पण कागद घेतला नाही.

"पोचवून या," तो म्हणाला. "मग बोलू."

"येतो," थोरला म्हणाला.

घागरनं ट्रॅक्टर उजवीकडे घेतला, डोंगराला चाक घासेल इतका. खाली खडकापाशी बाजाराहून परतणारी एक रिकामी गाडी वाट बघत उभी होती. वळणाच्या मध्यावर ट्रॉली कलली आणि आतला माल नेहमीसारखाच दरीकडे सरकला. वहिनीनं ट्रॉलीच्या फळीला पाय लावले आणि धाकट्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.